सार्वजनिक स्मशानभूमी : नगरीच्या इतिहासाचे न वाचलेले पान

जव्हार नगरीचा इतिहास सांगावयाचा म्हटला की मुकणे राजघराणे, जयविलास राजवाडा, 1918 साली स्थापन झालेली नगरपालिका आणि 1948 मधील संस्थानाचे विलीनीकरण हे टप्पे आपोआप पुढे येतात. प्रत्येक घरातील माणसे ज्या जागी अखेरची पोहोचविली जातात, त्या स्मशानभूमीचा उल्लेख मात्र त्यात क्वचितच येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या जागेकडेही अभ्यासाच्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ तेथे तपासता येतो.

मरणापुढे सारे समान, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. गावगाड्याची रीत मात्र निराळी होती. देशावरील गावांत कोणी वारले की परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोहोचविणे आणि सरणासाठी लाकूड वाहून नेणे ही महारांकडे आलेली कामे होती. प्रेतावरचे वस्त्र हा त्यांचा हक्क मानला जाई. ज्याच्या खांद्यावरून सरणाची लाकडे जात, त्याच्या घरचे प्रेत मात्र त्याच मसणवटीत चालत नसे. त्याची जागा वेगळी, बहुधा गैरसोयीची. हे ओझे वंशपरंपरेने लादणारी वतने मोडण्यासाठी बाबासाहेबांनी दीर्घकाळ झुंज दिली. वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला.

मुंबई विधिमंडळात 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत झालेला रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असे त्यात म्हटले होते. ही यादी नीट वाचली तर तीत स्मशानभूमी आढळत नाही. या ठरावाच्या अंमलबजावणीसाठीच 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करावे लागले. जव्हार तर तेव्हा संस्थान होते. मुंबईचा ठराव येथे लागूच नव्हता.

26 जानेवारी 1950 रोजी संविधान अंमलात आले. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद 15 ने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांबाबत भेदभाव निषिद्ध ठरविला. पुढे 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात, दफनभूमी व दहनभूमी यांचा नावानिशी उल्लेख आला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमातही 2015 च्या दुरुस्तीने तो आला. 1923 च्या यादीत नसलेला शब्द कायद्यात येण्यास बत्तीस वर्षे लागली. जेथे तंटे होतात, तेथेच कायद्याला नाव घेऊन बोलावे लागते, हेही यातून ध्यानी घ्यावे.

दुसरा पुरावा महसुली दप्तरात सापडतो. सात-बारा उताऱ्यावर ‘पोटखराब’ असा रकाना असतो. सार्वजनिक प्रयोजनाची, आकारणी न होणारी जमीन त्याच्या ‘ब’ वर्गात येते आणि स्मशानभूमीही त्यातच मोडते. भूमापनाच्या नियमांत एखाद्या समाजाच्या वापरातील दफन-दहनभूमी आणि सर्व जनतेच्या वापरातील भूमी, असे दोन्ही प्रकार नोंदविलेले आहेत. आपल्या गावची जागा यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न कागद हाती घेऊनच विचारला पाहिजे.

कायद्याने हक्क दिला तरी जागा, वाट आणि छप्पर लागतेच. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार मृतांच्या अंत्यविधीसाठी जागेची तरतूद करणे हे नगरपरिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. तरीही जव्हार-मोखाड्यातील ज्या पाड्यावर शेड नाही, तेथे आषाढातल्या संततधार पावसात सरण पेटविण्यासाठी पत्रा वा ताडपत्री धरून उभे राहावे लागते. तेथे ‘सार्वजनिक’ हा शब्द अद्याप कागदावरच आहे, असे आम्ही मानतो.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर कुशिनारेच्या मल्लांनी दहनविधी केला, अस्थींचे आठ भाग झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले. स्तूप चार वाटा मिळतात तेथे असावा, असे महापरिनिब्बान सुत्त सांगते. आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा येथील स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली केले. 7 डिसेंबर 1956 रोजी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. त्या चैत्यभूमीवर येणाऱ्याला कोणी जात विचारीत नाही. अखेरची जागा सर्वांसाठी खुली असू शकते, याची ही आपल्या परंपरेतील उदाहरणे होत.

स्वाध्याय : 1) आपल्या गावच्या स्मशानभूमीचा सात-बारा तलाठी कार्यालयातून मिळवून वाचा. 2) तेथवर जाणारी वाट, पाणी व शेड यांची नोंद करा. 3) पूर्वी कोणाची प्रेते कोठे नेत असत, हे घरातील वडीलधाऱ्यांना आदराने विचारून लिहून ठेवा. या तीन नोंदी एकत्र केल्या की आपल्या गावच्या इतिहासाचे एक पान तयार होईल. ते ग्रामसभेत वाचून दाखवावे.