सुई टोचल्यानंतर

पाटनमधल्या एका छोट्या पॅथॉलॉजीत मी २० वर्षं लोकांचं रक्त काढतेय. जबलपूरपासून तासाभरावरचं आमचं हे गाव, मटारासाठी नावाजलेलं. परवाच्या साली दिवाळी उलटली आणि कचऱ्याची पिशवी बांधताना वापरलेली सुई हातमोजा भेदून बोटात शिरली. कोणाची होती, कळायला मार्ग नव्हता.

१. दुसऱ्याला शिकवलेलं आपल्याला येतंच असं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरायचं, बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, हा तक्ता भिंतीवर मीच चिकटवलाय. त्याच्यासमोर उभी राहून मी बोट कचकचून पिळलं.

२. भीतीला तारखा कळत नाहीत. त्या रात्री शटर ओढून मी स्वतःच्याच रक्ताची किटवर एचआयव्ही चाचणी केली. एकच रेघ आली आणि मी घरी जाऊन गाढ झोपले! ती रेघ फक्त सुई टोचण्याआधीच्या आयुष्याबद्दल बोलत होती. आधीची नोंद म्हणून तिला किंमत आहे, पण त्या सुईबद्दल तिला काय ठाऊक? साधं किट शोधतं अँटिबॉडी, आणि त्या तयार व्हायला शरीराला आठवडे लागतात. किटवर दिसायला कधी ९० दिवसही. प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी विषाणूचं पी-२४ प्रथिनही पकडते, म्हणून ती १८ ते ४५ दिवसांत सांगू शकते. या मधल्या काळाला मराठीत कुणी गवाक्ष काळ म्हणतं. किती देखणा शब्द! वाड्याच्या गवाक्षात कुणी बसलंय असं वाटतं. इथे बसलेलं असलं तरी दिसत नाही, एवढाच फरक. हे सगळं मी शेकडो जणांना सांगितलंय, आणि शांतपणे सांगितलंय.

३. घाई करायची होती ती चाचणीची नव्हे, लागण रोखणाऱ्या औषधाची. पहिली गोळी शक्यतो दोन तासांत घ्यायची, ७२ तासांनंतर उपयोग नाही. मी आख्खी रात्र त्या एका रेघेवर घालवली. सकाळी भानावर आले तशी बस पकडून जबलपूरच्या मेडिकल कॉलेजात पोहोचले, ओढणीनं तोंड झाकून. समुपदेशक ताई वाक्य न् वाक्य माझंच बोलली. फक्त ऐकणारी खुर्ची केवढी खोल असते, ते मला ठाऊक नव्हतं.

४. बाधित माणसाची सुई टोचली तरी लागण होते हजारात साधारण तिघांना. आकडा पाठ होता. उरलेले ९९७ मला दिसेचनात.

५. यांना मी चौथ्या दिवशी सांगितलं. शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत निरोध वापरावा लागेल, हेही सांगितलं. लग्नाला २२ वर्षं झाल्यावर हे वाक्य उच्चारायला पाणी प्यावं लागतं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "जेवणात काही पथ्य आहे का? मीठबीठ?" मी हसले की रडले, आठवत नाही. २८ दिवस रात्री गोळी घेतली की मळमळायचं, आणि हे न सांगता बडीशेप पुढे करायचे.

६. थांबणं म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे. सहाव्या आठवड्याला चाचणी, मग तीन महिन्यांनी, मग सहा. औषधामुळे अँटिबॉडी उशिरा दिसू शकतात, म्हणून मधल्या रिपोर्टवर पेढे वाटायचे नसतात. पहिल्या चाचणीला निघाले तेव्हा शेतात शेंगा भरत होत्या, दुसरीला रस्ताभर मटाराच्या ट्रॉल्या. तिसरीला रानं मोकळी होती, मे महिन्याचं ऊन होतं, आणि कागदावर तोच शब्द होता: नॉन-रिअॅक्टिव्ह.

आता कुणी काही दिवसांतच चाचणीला आलं तर मी आधी तारीख मोजत नाही. ७२ तास उलटलेत का, ते विचारते. तुमच्यावर वेळ आली तर सरकारी रुग्णालय गाठा. एड्स हेल्पलाइनच्या १०९७ या नंबराला पैसे पडत नाहीत, नावही सांगावं लागत नाही.