वटवाघळाचे कान : विज्ञानाच्या इतिहासातील एक पाठ

पावसाळ्याच्या रात्री वसतिगृहाच्या दिव्याभोवती पतंग जमू लागले, की काळोखातून लहान वटवाघळे त्यांच्यावर झेपावतात. त्यांना अपशकुनी समजून दार लावून घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. तशीच ‘सर, अंधारात त्यांना पतंग सापडतो तरी कसा?’ असे विचारणारीही पाहिली आहेत. या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

इटलीतील पाविया येथील लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ मध्ये पाहिले, की दृष्टी हिरावलेली वटवाघळेही निर्वेध उडतात. अशी वटवाघळे त्यांनी सोडून दिली व काही दिवसांनी पुन्हा पकडली, तेव्हा त्यांची पोटे कीटकांनी भरलेली आढळली. पुढल्याच वर्षी जिनिव्हाचे शल्यविशारद लुई ज्यूरीन यांनी वटवाघळांचे कान बंद केले, तेव्हा मात्र ती अडथळ्यांवर आदळू लागली. पुरावा स्पष्ट होता. परंतु फ्रान्सचे ख्यातनाम प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी स्पर्शज्ञानाचा पक्ष उचलून धरला आणि विद्वज्जनांनी तोच मान्य केला. ज्यूरीन यांचा प्रयोग जवळजवळ दीडशे वर्षे उपेक्षित राहिला.

अखेर १९३८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील डोनाल्ड ग्रिफिन या विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रज्ञ पिअर्स यांच्या यंत्रापुढे वटवाघळे नेली आणि माणसाला ऐकू न येणारे त्यांचे आवाज यंत्राने टिपले. रॉबर्ट गॅलम्बोस यांच्यासह केलेल्या प्रयोगांत दिसून आले, की कान बंद केले काय किंवा तोंड बांधले काय, वटवाघूळ सारखेच असहाय होते. म्हणजे ते स्वतः आवाज काढते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून मार्ग शोधते.

आपल्या कानांची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची. कीटकभक्षी वटवाघळांचे आवाज बहुधा तिच्या पलीकडचे असतात. ५०,००० कंपनांच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे सात मिलिमीटर भरते. म्हणूनच लहानशा पतंगावरूनही त्याचा प्रतिध्वनी उमटतो. ३.४ मीटरवरील पतंगाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात परत येतो. भक्ष्य जवळ येताच हाकांचा वेग वाढत जाऊन सेकंदाला दीडशेच्याही पुढे जातो. वडा-पिंपळावर लोंबणारी मोठी फलाहारी वटवाघळे मात्र डोळ्यांनी व वासाने वाट काढतात, हे ध्यानात ठेवावे.

पतंगही निमूटपणे बळी जात नाही. केनेथ रोडर व ॲशर ट्रीट यांनी दाखवून दिले, की कित्येक पतंगांच्या प्रत्येक कानात केवळ दोन श्रवणपेशी असतात. पण तेवढ्या पुरतात. हाक दूरची असेल तर पतंग दिशा बदलून निसटतो. अगदी जवळची असेल तर गिरक्या घेत जमिनीकडे कोसळतो. काही पतंग उलट टकटक आवाज करून ‘आम्ही बेचव आहोत’ असा इशारा देतात, तर काही त्याच आवाजाने वटवाघळाचा अंदाजच चुकवतात.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला या कथेत एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. क्युव्हिए यांच्याजवळ कीर्ती होती, ज्यूरीन यांच्याजवळ पुरावा. आणि जगाने कीर्तीवर विश्वास ठेवला. केवळ सांगणारा थोर आहे म्हणून काही मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. या शाळेतून बाहेर पडलेल्या आमच्या मुलामुलींनी तेवढे सोबत नेले असेल, तर आमचे शिकवणे वाया गेले नाही असे आम्ही समजू.