चिठ्ठी लिहिण्याआधी

अगं, सेनगावकडं दवाखाना टाकलास, फार बरं वाटलं. पेशंट पुढं कधी पाठवायचा असं विचारलंस ना? आजार तर बघशीलच, पण आपल्याकडं त्याच्या बरोबरीनं घड्याळ बघावं लागतं. दुपारी चारला ज्या लेकराबद्दल 'संध्याकाळपर्यंत बघू' असं वाटतं, तेच रात्री अकराला धापा टाकतं. तेव्हा एसटी नसते आणि जीपवाला फोन उचलत नाही. शंका आली की उजेडातच हलव. वसमतवाल्यांना नांदेड जवळ, ते थेट विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात जातात. तुला आधी हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय, आणि तिथून नांदेड म्हणजे आणखी दीड-दोन तास.

लेकराचा श्वास अंदाजानं सांगू नकोस. आईच्या मांडीवर शांत असताना झबलं वर कर आणि पूर्ण एक मिनिट मोज. दोन महिन्यांपुढं वर्षापर्यंत ५०, त्यापुढं पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरला, तर न्यूमोनिया धर. छाती आत ओढली जात असेल, अंगावर पीत नसेल, तर अँटिबायोटिकचा पहिला डोस देऊन लगेच पाठव. दोन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं असेल तर थांबायचंच नाही.

आणि पावसाळ्यात, खाली झोपलेलं कुणी पहाटे पोट दुखतंय म्हणून आलं, तर ॲसिडिटीची सुई भरण्याआधी 'वर बघा' म्हण. मण्यार चावल्याची खूण बऱ्याचदा दिसतच नाही. पापण्या उचलत नसतील, थुंकी गिळवत नसेल, तर ओळख. असा पेशंट थेट नांदेडच्या रस्त्याला लावू नकोस. जवळ जिथं सर्पदंशाची लस असेल तिथं ती सुरू होऊ दे, मग व्हेंटिलेटरसाठी पुढं. लस कुठं शिल्लक आहे याची चौकशी मात्र पेरणीच्या दिवसांतच करून ठेव.

मग माणसं. 'मॅडम, एक सलाईन लावा, उद्या बघू' हे रोज ऐकशील. सोयाबीन काढणीला आलेलं, हातात पैसा नाही, त्यांचंही खोटं नसतं. पण सासूला समजावत बसू नकोस, निर्णय पुण्याला कंपनीत असलेला थोरला घेणार असतो. त्याला तूच फोन लाव. नुसतं 'सीरियस आहे' म्हणू नकोस, रात्रीतून काय होऊ शकतं ते साध्या भाषेत सांग. रेशनकार्ड, आधार बरोबर घ्यायला लाव, फुले योजनेला लागतं. १०८ ला फोन करशील तेव्हा गाडी आत्ता कुठं आहे ते विचार, म्हणजे वाट बघायची की जीप करायची ते ठरवता येतं.

'मॅडमनी हात वर केले' असं पारावर बोलतील, बोलू दे. पण म्हणून ज्याला-त्याला चिठ्ठी देत सुटू नकोस. साध्या तापाला हिंगोली दाखवलीस की त्याची मजुरी बुडते, आणि पुढच्या खेपेला खरी निकड असताना तो तुझं ऐकत नाही.

चिठ्ठीत कुठली सुई किती वाजता दिली ते सुवाच्य लिही. कॅज्युअल्टीत आधी फोन कर. आणि दुसऱ्या दिवशी घरी विचार, पोचले का. काहीजण स्टँडवरूनच माघारी फिरतात गं.