काँक्रीट आणि शटरिंगची कंत्राटदारी: काम, शिक्षण आणि जोखीम

मेट्रोचा खांब, समुद्रावरच्या पुलाचा पाया, बोगद्याचे अस्तर, धरणाची भिंत, यांपैकी प्रत्येक बांधकाम आधी साच्याच्या रूपात उभे राहते. ओले काँक्रीट द्रवासारखे वागते. ते घट्ट होऊन स्वतःचा भार पेलू लागेपर्यंत त्याला आकारात धरून ठेवणे हे शटरिंगचे काम, आणि तो सगळा भार खाली जमिनीत उतरवणे हे त्याखालच्या आधारांचे. मोठ्या प्रकल्पाचे मुख्य कंत्राट एखाद्या बड्या कंपनीकडे असते. पण शटरिंग लावणे, सळई बांधणे आणि काँक्रीट ओतणे ही कामे बहुतेक वेळा उपकंत्राटदार करतात. घरात कोणी ठेकेदारीचे नाव काढले की पालकांना ओळखीपाळखीवर चालणारा, शिक्षणाशी संबंध नसलेला धंदा आठवतो. मोठ्या प्रकल्पांवर हे चित्र टिकत नाही. तिथे हा व्यवसाय तात्पुरत्या रचनांच्या अभियांत्रिकीवर आणि वेळेच्या हिशेबावर चालतो, आणि दोन्ही गोष्टी शिकून येतात.

एका खांबाचे काम जवळून पाहिले की हे कळते. २ मीटर व्यासाच्या आणि ८ मीटर उंचीच्या खांबात सुमारे २५ घनमीटर काँक्रीट बसते, म्हणजे ६ घनमीटरचे चार-पाच ट्रान्झिट मिक्सर. साच्याचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर भरतो. सर्व्हेअर केंद्रबिंदू आणि लेव्हल देतो, फिटर सळईचा पिंजरा बांधतात आणि सळई साच्याला टेकू नये म्हणून कव्हर ब्लॉक लावतात. मग आतून तेल लावलेले लोखंडी शटर क्रेनने दोन अर्ध्या भागांत उभे राहते. बोल्ट आवळले जातात, ओळंबा पाहिला जातो, सांध्यांतून सिमेंटचे पाणी गळू नये म्हणून ते बंद केले जातात. मुख्य कंपनीचा आणि सल्लागाराचा अभियंता तपासणीच्या कागदावर सही करतो, तेव्हाच पहिली गाडी आत येते.

त्यानंतरचे काही तास कसोटीचे असतात. रेडीमिक्सविषयीच्या भारतीय मानकानुसार माल गाडीत भरल्यापासून साधारण दोन तासांच्या आत रिकामा व्हायला हवा. मुंबईच्या वाहतुकीत हे गणित बसवायचे तर गाड्यांमधले अंतर आधीच ठरवावे लागते. गाडी आली की स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा पातळपणा, मोजला जातो आणि १५० मिलिमीटरचे ठोकळे भरले जातात. २८ दिवसांनी ते यंत्रात दाबून ताकद तपासली जाते. आयएस ४५६ या संहितेप्रमाणे १६ ते ३० घनमीटरच्या भरणीसाठी किमान तीन नमुने लागतात, आणि प्रत्येक नमुन्याचे तीन ठोकळे.

एक घनमीटर ओल्या काँक्रीटचे वजन सुमारे अडीच टन. ते घट्ट होण्याआधी तीन मीटर उंचीपर्यंत भरले गेले, तर तळाशी साच्यावर प्रत्येक चौरस मीटरला साडेसात टनांचा दाब येतो. लोखंडी शटर हा दाब बोल्टांवर टाकते आणि एक जरी बोल्ट सैल राहिला तरी सांधा उघडतो. म्हणून तासाला किती मीटर भरायचे हे काम सुरू होण्याआधी ठरलेले असते, आणि खाली उभ्या असलेल्या गाडीचा चालक कितीही घाई करो, ते बदलता येत नाही. ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर कमी फिरला तर शटर काढल्यावर खांबावर पोकळ्या दिसतात. साइटवर याला हनीकोंब म्हणतात. त्याची दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने होते आणि त्याचे नावही जाते.

साचा कधी काढायचा हा प्रश्न तो लावण्याइतकाच महत्त्वाचा आहे. आयएस ४५६ नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये, तापमान १५ अंशांच्या खाली नसेल तर, उभ्या बाजूंचे शटर १६ ते २४ तासांनी काढता येते. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे प्रॉप, म्हणजे टेकू, मात्र ७ दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे १४ दिवस ठेवावे लागतात. ६ मीटरपेक्षा लांब बीमसाठी ही मुदत २१ दिवस. फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट ताकद हळू धरते, त्यामुळे मोठ्या प्रकल्पांत फक्त दिवस मोजून चालत नाही, ठोकळ्यांची ताकदही पाहावी लागते. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील विलो आयलंड येथे २७ एप्रिल १९७८ रोजी कूलिंग टॉवरचे काम चालू असताना वरचा साचा आणि मचाण कोसळून ५१ कामगार मृत्युमुखी पडले. मचाण आदल्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटला बांधलेले होते आणि ते काँक्रीट तो भार पेलण्याइतके पक्के झाले नव्हते, असे नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या तपासात निघाले. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ही घटना मुळापासून वाचायला हवी.

साच्यांचे प्रकार कामागणिक बदलतात. किरकोळ कामात प्लाय आणि लाकूड, एकसारख्या घरांच्या इमारतींत अ‍ॅल्युमिनियमचे मायवान साचे, खांबांना लोखंडी शटर. बोगद्याच्या अस्तरासाठी रुळांवरून सरकणारी गँट्री लागते. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या १२८ मीटर उंच मनोऱ्यासाठी स्वतः वर चढत जाणारे शटरिंग वापरले गेले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावर ४० मीटर लांबीचे आणि सुमारे ९७० टन वजनाचे गर्डर आधी यार्डात अखंड ओतले जातात आणि मग उचलून खांबांवर ठेवले जातात. तिथे साचा एका जागी राहतो आणि गर्डर बाहेर पडत जातात, त्यामुळे काम कारखान्यासारखे चालते.

या सगळ्यात कंत्राटदाराचा नफा एका गोष्टीवर टिकतो: तोच साचा किती लवकर पुन्हा वापरात येतो. समजा ९० दिवसांत १०० खांब करायचे आहेत आणि एका शटरची फेरी तीन दिवसांची आहे. एक संच ३० खांब करतो, म्हणजे चार संच पुरतात. फेरी चार दिवसांवर गेली, तर एका संचाचे २२ खांब होतात. चार संच मिळून ८८, आणि १२ खांब अंगावर राहतात. मग जादा शटर भाड्याने आणा किंवा उशिराचा दंड भरा. एक दिवस कुठे गेला, क्रेन मिळाली नाही म्हणून, सळईचा पिंजरा वेळेत बांधला नाही म्हणून की तपासणीला अभियंता आला नाही म्हणून, हे रोज संध्याकाळी वहीत लिहिणारा कंत्राटदार टिकतो. दहावीच्या भूमितीत आणि क्षेत्रफळ-घनफळाच्या गणितात ज्याला गोडी आहे, त्याला हे काम मनापासून आवडू शकते.

पैशाची बाजू पालकांनी सर्वांत आधी समजून घ्यावी. शटरिंगचा दर चौरस मीटरला, काँक्रीटचा घनमीटरला आणि सळईचा टनाला ठरतो. नवा माणूस बहुधा लेबर रेटने सुरुवात करतो, म्हणजे माल कंपनीचा आणि माणसे त्याची. टोळीला खर्ची, म्हणजे खर्चापुरती उचल, दर आठवड्याला द्यावी लागते. बिल मात्र महिनाअखेरीस मापे घेऊन बनते, तपासले जाते आणि पैसे आणखी काही आठवड्यांनी येतात. त्यातूनही टीडीएस कापला जातो, हमी म्हणून रोखलेली रिटेन्शनची रक्कम अडकून राहते आणि हरवलेल्या क्लॅम्पची किंवा वाया गेलेल्या काँक्रीटची किंमत वजा होते. म्हणजे किमान दोन-अडीच महिन्यांची मजुरी हाताशी नसेल, तर काम चांगले होऊनही कंत्राटदार बुडतो. घर किंवा जमीन गहाण ठेवून पहिले कंत्राट घेऊ नये. पाच-सात वर्षे नोकरी करून, पंधरा-वीस माणसांच्या टोळीने एखादे छोटे काम पूर्ण करून मगच मोठ्या कामाला हात घालावा. मापे मोजली त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सह्या घेण्याची सवय नोकरीतच लागते, आणि पुढे हीच सवय बिलाचे वाद वाचवते.

शिक्षणाच्या वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये कारपेंटर, ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा सर्व्हेअर हे ट्रेड करता येतात. पनवेल येथील लार्सन अँड टुब्रोच्या बांधकाम कौशल्य प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी शटरिंगची कारपेंटरी आणि सळईकाम प्रत्यक्ष हाताने शिकवले जाते. दहावीनंतरच तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटीमार्गे चार वर्षांची पदवी घेता येते. व्यवस्थापनाकडे कल असेल, तर पुण्यातील निकमारसारख्या संस्था आहेत. ज्याला पुढे स्वतःचे काम करायचे आहे, त्याच्यासाठी डिप्लोमा आणि त्यानंतर साइटवरची काही वर्षे ही वाट सर्वांत सरळ आहे. सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्राच्या तुलनेत फारसा आकर्षक नसतो, हे आधीच मान्य करून पुढे जावे. पहिल्या दोन वर्षांत नकाशा वाचणे, सळईचे वेळापत्रक काढणे, मापे घेणे आणि मुकादमाशी नीट बोलणे या चार गोष्टी आल्या, तर पुढचे सोपे जाते. शटरिंगचा नकाशा वेगळा असतो. तो वाचणारे थोडे, आणि तयार करणारे त्याहून थोडे. त्यामुळे तात्पुरत्या रचनांचे डिझाइन शिकलेल्या अभियंत्याला चांगली मागणी असते.

साइटचे आयुष्य दगदगीचे आहे. उन्हाळ्यात काँक्रीट तापू नये म्हणून मोठ्या भरण्या रात्री होतात, मिश्रणात बर्फ घातला जातो. घरापासून दूर, वर्षा-दोन वर्षांनी बदलणाऱ्या गावात राहावे लागते. उंचीवरून पडणे हा सर्वांत मोठा धोका, म्हणून सेफ्टी बेल्ट अडकवल्याशिवाय मचाणावर पाऊल ठेवू नये. ओले सिमेंट कातडी भाजते. गमबूट आणि हातमोजे त्यासाठीच असतात. मुलींसाठी गुणवत्ता तपासणी, नियोजन, डिझाइन आणि साइट अभियांत्रिकी या सर्व जागा खुल्या आहेत. राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोय कशी आहे, हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावे. गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कामगाराला महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. आपल्या टोळीतील प्रत्येकाची नोंदणी आणि विमा करून घेणे ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे असेच धरून चालावे.

आखाती देशांतही शटरिंग कारपेंटर, फोरमन आणि साइट अभियंते यांना काम मिळते, आणि कोकणातील अनेक घरांचा त्या देशांशी जुना संबंध आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगाराला सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिराती अशा देशांत नोकरीला जाण्यासाठी सरकारची स्थलांतर परवानगी लागते. दहावी झालेल्याला ही अट नसते. त्यामुळे हाताचे कौशल्य असलेल्या मुलानेही दहावी पूर्ण करून मगच पासपोर्ट काढावा. नोकरी देणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे, आणि करारात पगार, कामाचे तास, ओव्हरटाइम आणि परतीचे तिकीट लिहिलेले आहे का, हे सही करण्याआधी वाचावे.