पात्राविषयीचा तर्क आणि संहितेचे प्रमाण : केळझरच्या बकासुरापासून व्यासांच्या कर्णापर्यंत

१

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात, वर्ध्याहून नागपूरकडे जाणाऱ्या मार्गावर केळझर हे गाव आहे. तेथील टेकडीवरचे गणेशस्थान विदर्भात प्रसिद्ध आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, पांडवांनी अज्ञात वेषात येथेच वास्तव्य केले आणि भीमाने बकासुराचा वध येथेच केला, अशी स्थानिक परंपरा सांगते. मात्र खानदेशातील एरंडोल, बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एकचक्रा आणि बिहारमधील आरा या स्थळांविषयीही हेच सांगितले जाते. एका बकासुराचा वध चार ठिकाणी होणे शक्य नाही. परंतु चारही ठिकाणचे लोक ज्या निष्ठेने आपले म्हणणे मांडतात, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

या उदाहरणात साहित्याच्या अभ्यासकाला नित्य भेडसावणारा एक प्रश्न दडलेला आहे. एखाद्या साहित्यकृतीतील पात्रावर जीव जडलेला वाचक त्या पात्राविषयी संहितेत नसलेल्या अनेक गोष्टी बोलू लागतो. पात्राचे गाव, त्याच्या मनातील अव्यक्त प्रेम, त्याने न बोललेले शब्द, त्याचा खरा पिता, या सर्वांविषयी तो तर्क करतो. यांतील कोणता तर्क ग्राह्य मानावा आणि कोणता केवळ आवडीचा उद्गार समजून बाजूला ठेवावा, हा तो प्रश्न होय. महाभारत हे मराठी वाचकाचे सर्वाधिक आत्मीयतेचे कथाविश्व असल्याने प्रस्तुत विवेचनासाठी त्यातील पात्रांचा आधार घेतला आहे.

२

तर्क टाळून कोणतीही कथा वाचता येत नाही. कथाकार सर्व काही सांगत नाही. वाचक मधल्या जागा भरत जातो, म्हणूनच कथा उभी राहते. तेव्हा ‘संहितेत नाही, म्हणून त्याज्य’ हा नियम फार संकुचित ठरतो. उलट ‘संहितेशी विरोध नाही, म्हणून ग्राह्य’ हा नियम इतका सैल आहे की त्यातून काहीही सिद्ध करता येईल. या दोहोंच्या मधली कसोटी भारतीय प्रमाणविचारात उपलब्ध आहे. ती म्हणजे मीमांसकांची अर्थापत्ती.

अर्थापत्तीचे पारंपरिक उदाहरण सर्वपरिचित आहे. देवदत्त पुष्ट आहे, पण तो दिवसा जेवत नाही. ही दोन्ही विधाने खरी असतील, तर तो रात्री जेवतो असे मानावेच लागते. त्यावाचून त्या दोन विधानांचा मेळ बसत नाही. मीमांसक हिला स्वतंत्र प्रमाण मानतात, तर नैयायिक तिचा समावेश अनुमानात करतात. तो वाद येथे प्रस्तुत नाही. महत्त्वाचे आहे ते इतकेच, की अर्थापत्तीत तर्काची गरज वाचकाच्या आवडीतून नव्हे, तर सांगितलेल्या गोष्टींमधील विसंगतीतून निर्माण होते.

या दृष्टीने पात्राविषयीच्या विधानांचे चार वर्ग करता येतात. संहितेने स्पष्ट सांगितलेले ते उक्त. सांगितलेल्याचा मेळ बसण्यासाठी मानावेच लागते ते आक्षिप्त. संहितेशी विसंगत नाही, पण संहितेला त्याची गरजही नाही, ते संभाव्य. आणि संहितेच्या विरुद्ध जाते ते बाधित.

आक्षिप्ताचे एक चांगले उदाहरण उद्योगपर्वात आहे. कृष्णाने जन्मरहस्य सांगितल्यावर कर्ण त्याला विनंती करतो की ही गोष्ट गुप्तच राहू द्यावी. युधिष्ठिराला हे कळले तर तो राज्य स्वीकारणार नाही, आणि ते आपल्या हाती आले तर आपण ते दुर्योधनालाच देऊन टाकू, असे कारण तो देतो. शत्रुपक्षातील युधिष्ठिराच्या धर्मनिष्ठेवर कर्णाचा पूर्ण विश्वास आहे, असे वाक्य तेथे नाही. तथापि तो विश्वास मानला नाही, तर त्या विनंतीला काही अर्थच उरत नाही. कर्णाच्या मनाविषयीचा हा निष्कर्ष तर्कच आहे, परंतु तो संहितेनेच वाचकाकडून करवून घेतलेला आहे.

३

आता ही कसोटी केळझरच्या परंपरेला लावून पाहू. आदिपर्वातील कथेनुसार पांडव जतुगृहातून निसटतात, हिडिंबाचा वध होतो, पुढे मत्स्य, त्रिगर्त, पांचाल आणि कीचक या प्रदेशांमधून ते प्रवास करतात. व्यासांची भेट होते आणि तेच त्यांना एकचक्रेत एका ब्राह्मणाच्या घरी ठेवतात. बकाचा वध झाल्यानंतर ते उत्तराभिमुख वाटांनी निघून गंगेपाशी येतात आणि पुढे पांचालनगरीला पोहोचतात.

केवळ ‘उत्तरेकडे गेले’ या उल्लेखाने केळझरचा पक्ष खोडून निघत नाही. केळझरहून उत्तरेस गेले तरी शेवटी गंगा लागतेच. अधिक वजनदार पुरावा निराळाच आहे. उत्तरेकडून विदर्भात यायचे, तर विंध्य ओलांडावा लागतो, आणि आदिपर्वाच्या या प्रवासवर्णनात विंध्याचे नाव नाही. यावर कोणी म्हणेल की मौन हा पुरावा नव्हे. सामान्यतः ते खरेच आहे. परंतु हीच संहिता वनपर्वातील नलोपाख्यानात दमयंतीला विदर्भाची वाट दाखवताना अवंती, ऋक्षवान, विंध्य आणि पयोष्णी यांची नावे क्रमाने घेते. विदर्भाची वाट सांगण्याची वेळ आली की ती कशी सांगायची, हे या संहितेला ठाऊक आहे. जेथे बोलण्याची रीत आणि प्रसंग दोन्ही उपलब्ध असताना संहिता बोलत नाही, तेथे तिचे मौन अर्थपूर्ण ठरते.

याच्याशी वर्धा नदीकाठच्या कौंडण्यपूरची तुलना उद्बोधक आहे. आर्वी तालुक्यासमोर, नदीच्या पलीकडे अमरावती जिल्ह्यात असलेल्या या गावाला रुक्मिणीचे माहेर मानतात. विदर्भाची राजधानी कुंडिन होती हे महाभारतात उक्त आहे आणि नामसादृश्यही आहे. येथील उत्खननात प्राचीन वसाहतीचे अवशेष मिळाले आहेत. म्हणून हा तर्क केळझरच्या तर्कापेक्षा कितीतरी भक्कम आहे. तरीही उत्खननातून वसाहत सिद्ध होते, रुक्मिणी सिद्ध होत नाही. पुरावा ज्या प्रश्नाचे उत्तर देतो, त्याच प्रश्नापुरता तो प्रमाण असतो.

४

स्थळांच्या बाबतीत ही काटेकोर दृष्टी सहज पटते. मनाच्या बाबतीत ती अवघड वाटते, कारण तेथे वाचकाचे प्रेम गुंतलेले असते. ‘आंधळ्याचा पुत्र आंधळा’ असे म्हणून द्रौपदीने दुर्योधनाला हिणवले आणि त्यातून पुढचा अनर्थ घडला, ही समजूत कीर्तनांतून, नाटकांतून आणि दूरदर्शन मालिकांतून दृढ झाली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तीत हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी नाही. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, तेव्हा सेवक हसले, भीम हसला, अर्जुन आणि जुळे भाऊ हसले, असे निवेदक सांगतो. त्या जागी द्रौपदीचे नाव नाही. मात्र पुढे दुर्योधन जेव्हा धृतराष्ट्राजवळ आपले दुःख मांडतो, तेव्हा कृष्ण अर्जुनासह हसला आणि द्रौपदी इतर स्त्रियांसह हसली, असे तो म्हणतो.

येथे दोन प्रकारची प्रमाणे आहेत. एक निवेदकाचे, दुसरे अपमानाने पोळलेल्या पात्राचे. दुर्योधन खोटे बोलत असेल असे नव्हे. निवेदकाने सर्व हसणाऱ्यांची यादी दिलेली नसेल. पण द्रौपदीचे हास्य आपल्याला दुर्योधनाच्या मुखातून कळते, एवढे भान ठेवलेच पाहिजे. हे भान ठेवले की एक नवा प्रश्न उभा राहतो : मत्सराने जळणाऱ्या माणसाच्या आठवणीत अपमान कसा वाढत जातो? हा प्रश्न त्या प्रचलित वाक्यापेक्षा अधिक समृद्ध आहे, आणि तो पुराव्याकडे नीट पाहिल्यावरच सापडतो.

स्वयंवरातील प्रसंग याहून गुंतागुंतीचा आहे. ‘मी सूताला वरणार नाही’ या आशयाचे द्रौपदीचे उद्गार नीलकंठाच्या प्रचलित पाठात आढळतात. चिकित्सित आवृत्तीने ते मूळ संहितेत स्वीकारलेले नाहीत. तेथे अर्जुन पुढे होतो, तेव्हा कर्ण-शल्यादी प्रख्यात वीरांनाही जे धनुष्य वाकवता आले नाही, ते याला कसे साधणार, असे ब्राह्मण बोलतात. कर्णाच्या चाहत्यांनी उभारलेली एक मोठी साखळी, म्हणजे नकार, त्यातून दुखावलेले प्रेम आणि त्यातून द्यूतसभेतील कठोर शब्द, या ठिकाणी तिच्या पहिल्याच कडीपाशी तुटते.

तरीही ‘प्रक्षिप्त’ म्हणून हे उद्गार फेकून देणे घाईचे होईल. चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून तिचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. तिने मूळ व्यासलिखित ग्रंथ दिल्याचा दावा केलेला नाही. हस्तलिखितांच्या साक्षीने जेथवर मागे जाता येते, तेथवरचा पाठ तिने दिला आहे. मग गाळलेले श्लोक काय सांगतात? सभेत इतक्या कठोरपणे वागणाऱ्या कर्णाला काही पूर्वकारण असले पाहिजे, असे कोणा जुन्या वाचकाला वाटले आणि त्याने ते पुरवले, असे म्हणण्यास जागा आहे. तसे असेल, तर प्रक्षेप म्हणजे संहितेत शिरलेला वाचकाचा तर्कच होय. कर्णाविषयी तो प्रमाण नसला, तरी कर्णाच्या वाचकांविषयी तो निश्चितच प्रमाण आहे.

५

१९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मराठी ग्रंथांनी या प्रश्नाची दोन टोके दाखवून दिली. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मध्ये विदुर हा युधिष्ठिराचा पिता असावा काय, हा प्रश्न उपस्थित केलेला आहे. विदुर हा धर्माचा अवतार, युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र. नियोगाची प्रथा समाजमान्य. आणि अखेरीस वनात विदुर योगबलाने युधिष्ठिराच्या देहात प्रवेश करतो. हे सर्व दुवे संहितेतलेच आहेत.

वरील कसोटी लावली असता हा तर्क आक्षिप्त ठरत नाही. मांडव्य ऋषींच्या शापामुळे धर्म विदुररूपाने जन्मला, असा खुलासा संहिता स्वतःच करते. त्या कथाविश्वात दोघांचे ऐक्य समजण्यासाठी लौकिक पितृत्वाची गरज पडत नाही. देवतांपासून झालेला जन्म स्वीकारायचा नाही, असे आधी ठरवले तरच पित्याचा शोध सुरू होतो. म्हणजे हा प्रश्न काव्याच्या वाचकाचा कमी आणि समाजशास्त्रज्ञाचा अधिक आहे. तरीही ‘युगान्त’मधील विवेचन आदर्श म्हणावे असे आहे, कारण आधार उघडपणे समोर ठेवलेले आहेत. ज्याला निष्कर्ष मान्य नाही, त्याला तो नाकारण्याची साधनेही त्याच पानांवर मिळतात.

शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’ची भूमिका वेगळी आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या निवेदनातून उलगडणारी ती कादंबरी आहे. उद्योगपर्वातील कर्ण अधिरथाने आपले विवाह लावून दिल्याचे सांगतो, पण तेथे तो पत्नींची नावे घेत नाही. कादंबरीकार त्या रिकाम्या जागेत वृषालीचे सबंध अंतर्विश्व उभे करतो. हा त्याचा अधिकारच आहे. कादंबरी व्यासांविषयी विधान करीत नसते, ती नवे पात्र निर्माण करते. तिच्याकडून पुराव्याची मागणी करणे जितके अप्रस्तुत, तितकेच तिला पुरावा म्हणून वापरणेही अप्रस्तुत.

६

पदव्युत्तर वर्गात नेमका हाच घोटाळा होतो. ‘महाभारतातील कर्ण’ या विषयावरील निबंधात ‘मृत्युंजय’मधील कर्णाचे मनोगत आधार म्हणून येते, द्रौपदीवरील निबंधात मालिकेतील संवाद उतरतो. विद्यार्थ्याचे वाचन कमी असते असे नाही. कोणत्या विधानाला कोणता ग्रंथ साक्षी आहे, हे विचारण्याची सवय त्याला लागलेली नसते. ती लावायची तर पात्रचित्रणावरील प्रत्येक विधानासमोर तीन प्रश्न ठेवावेत. हे कोण सांगते, निवेदक, पात्र की नंतरचा लेखक? हे मानले नाही, तर संहितेतील नेमकी कोणती गोष्ट अनाकलनीय राहते? आणि त्या गोष्टीचा खुलासा संहितेने स्वतःच अन्यत्र केलेला आहे काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणतीही नाही’ असे आले, तर तो तर्क संभाव्य म्हणून नोंदवावा, सिद्ध म्हणून नव्हे.

असे केल्याने वाचकाचे प्रेम उणावेल ही भीती निराधार आहे. एकचक्रेतील त्या ब्राह्मणाला संहितेने नाव दिलेले नाही. घरातील प्रत्येक जण दुसऱ्यासाठी मरायला तयार होतो, आणि बोबडे बोलणारा लहान मुलगा हातात गवताची काडी घेऊन राक्षसाला मारायला निघतो, एवढेच तेथे सांगितले आहे. तेवढे वाचूनही ते घर आपल्याच गावातले आहे, असे केळझरच्या, एरंडोलच्या आणि बीरभूमच्या वाचकांना वाटले. ही परंपरा बकासुराच्या वधाचे स्थळ ठरवू शकत नाही. पण ती कथा कोठकोठल्या माणसांना आपली वाटली, याचा तिच्याइतका विश्वसनीय पुरावा दुसरा नाही, आणि त्या प्रश्नापुरते तिला पूर्ण प्रमाण मानून तिचा स्वतंत्र अभ्यास झाला पाहिजे.