दोन डिस्क असल्या म्हणजे झालं का?

प्रश्न : आमचं सांगलीतलं सहा माणसांचं घर. प्रत्येकाच्या फोनमध्ये फोटो, थोरलीच्या लग्नाचे व्हिडिओ, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, सगळं विखुरलेलं. क्लाउडला दर महिन्याला पैसे भरायचा आता कंटाळा आलाय. दुकानदार म्हणतो, ‘नॅस घ्या, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडायचा डिस्कचा खोका. आत दोन हार्डडिस्क असतात. एक गेली तरी दुसरीत सगळं राहतं, बॅकअपची चिंता संपली.’ हे खरं का? आणि घ्यायचंच तर काय बघून घ्यावं?

उत्तर : एक डिस्क गेली तरी दुसरीत सगळं राहतं, इथपर्यंत दुकानदार बरोबर आहे. चिंता संपली, हे मात्र साफ चूक. एकाच मजकुराची दोन डिस्कवर एकाच वेळी नोंद करण्याच्या या पद्धतीला ‘रेड-१’ म्हणतात. ‘रेड’ हे नाव रूढ झालं ते बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ मधल्या शोधनिबंधामुळे. स्वस्त डिस्क एकत्र जोडून महागड्या डिस्कचं काम करून घ्यायचं आणि एखादी बिघडली तरी काम थांबू द्यायचं नाही, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ही सोय काम चालू ठेवण्याची आहे, माहिती जपण्याची नव्हे. नातवानं चुकून लग्नाचं फोल्डर उडवलं, तर ते दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतं. वीज कडाडून पॉवर सप्लाय जळला तर दोन्ही डिस्कना धोका. आणि तुम्ही तर सांगलीचे. २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं, ते मी तुम्हाला काय सांगणार? एका खोक्यातल्या दोन डिस्क एकदमच बुडतात.

म्हणून माझं मत दुकानदाराला न आवडणारं आहे. बजेट दोनच डिस्कचं असेल, तर दोन्ही नॅसमध्ये घालू नका. एक नॅसमध्ये ठेवा, दुसरी यूएसबीच्या केसमध्ये घालून महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यावर सगळं उतरवा आणि ती दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. नॅस एक दिवस बंद राहिला तर दुकानाचं नुकसान होईल, घराचं काही अडत नाही. तिसऱ्या डिस्कचे पैसे जमले की मग खुशाल रेड-१ करा. खोका मात्र आत्ताच दोन कप्प्यांचा घ्या. चार कप्प्यांचा मोह नको.

खोका निवडताना लोक प्रोसेसर आणि रॅम बघतात. मी आधी सॉफ्टवेअर बघतो : फोनमधले फोटो आपोआप उतरवणारं अ‍ॅप घरातल्या आजींनाही जमेल का, उडवलेली फाइल परत आणणारे ‘स्नॅपशॉट’ त्या मॉडेलमध्ये आहेत का, आणि कंपनी अपडेट किती वर्षं देते. सिनॉलॉजी आणि क्यूनॅप या दोन्ही तैवानी कंपन्या यात मुरलेल्या आहेत. सिनॉलॉजीनं २०२५ च्या काही मॉडेलांमध्ये इतर कंपन्यांच्या डिस्कवर बंधनं घातली होती. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच वर्षी ती सैल केली. तरी घेण्यापूर्वी त्या मॉडेलला चालणाऱ्या डिस्कची यादी कंपनीच्या साइटवर बघाच.

अपडेटचं एवढं का? जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या उपकरणांत इंटरनेटवरून कुणीतरी शिरलं आणि जगभरच्या कित्येक मालकांच्या डिस्क कोऱ्या झाल्या. त्या मॉडेलचे अपडेट २०१५ मध्येच थांबले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर व्हायरसनं इंटरनेटला उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या उपकरणांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. तेव्हा राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस थेट बाहेर दिसू देऊ नका. बाहेरगावाहून फोटो बघायचेच असतील, तर ‘टेलस्केल’सारखी खासगी जोडणीची (व्हीपीएन) सोय वापरा. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, तिथेही ती चालते.

डिस्क घेताना ‘सीएमआर’ आहे ना, हे विचारा. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ‘एसएमआर’मध्ये, नोंदीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, त्यामुळे मोठं लिखाण रखडतं. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या आपल्या काही ‘रेड’ (Red, वरच्या रेड-१ शी या नावाचा संबंध नाही) डिस्क याच प्रकारच्या आहेत, हे वेस्टर्न डिजिटलनं २०२० मध्ये मान्य केलं. आता ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ घ्या. तुम्हाला ४ टीबी पुरावी. संगणकावर ती ३.६ दिसेल, ती मोजण्याची पद्धत वेगळी म्हणून, फसवणूक नव्हे.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ब्रॉडबँडवाल्यानं दिलेल्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असले, तर कितीही भारी नॅस सेकंदाला ११-१२ एमबीच्या पुढे जात नाही. १ टीबी भरायला साधारण २५ तास लागतील. गिगाबिट पोर्ट असेल तर हेच काम अडीच-तीन तासांत होतं. नॅस राउटरला केबलनंच जोडा, आणि दोघांनाही छोट्या यूपीएसवर ठेवा.

जमिनीच्या कागदांचे स्कॅन मात्र गूगलच्या फुकट १५ जीबीतही राहू द्या. त्यांना जागा लागते किती?

प्रश्न : घरात जुना डेस्कटॉप पडून आहे. त्याचाच नॅस होईल का?

उत्तर : होईल. ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ मोफत मिळतं आणि जुन्या यंत्रावर चांगलं चालतं. शिकण्याची हौस असेल तर जरूर करा. फक्त विजेचा हिशेब आधी मांडा : दोन कप्प्यांचा नॅस सरासरी २० वॅट घेतो असं धरलं, तर अहोरात्र चालून वर्षाला १७५ युनिट होतात. ६० वॅट खाणारा जुना डेस्कटॉप ५२५ युनिट घेईल.