अँडीजमधील स्त्रीजीवन : एका अभ्याससहलीची वाट

दक्षिण अमेरिकेचा नकाशा पुढे घेतला म्हणजे त्या खंडाच्या पश्चिम कडेने उत्तर-दक्षिण गेलेली एक अखंड पर्वतरांग प्रथम नजरेत भरते. हीच अँडीज. सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची ही रांग व्हेनेझुएलापासून चिली-अर्जेंटिनापर्यंत ७ देशांतून जाते. भूगोलाच्या तासाला आपण तिची शिखरे, ज्वालामुखी आणि तांब्या-चांदीच्या खाणी पाठ करतो. परंतु त्या उंच पठारांवर, जेथे आपल्याला दहा पावले चालताच धाप लागेल अशा विरळ हवेत, हजारो वर्षे माणसे शेती करीत, कापड विणीत आणि संसार करीत आली आहेत, याचा उल्लेख पुस्तकात एखाद्या ओळीपलीकडे नसतो. त्यातील स्त्रियांचा तर बहुधा नसतोच.

अलीकडे या प्रदेशात केवळ स्त्रियांच्या जीवनाचा परिचय करून घेण्यासाठी लहान लहान मंडळ्यांच्या सहली निघू लागल्या आहेत. त्यांची वाट साधारणपणे ठरलेली असते : पेरू देशातील कुस्को हे प्राचीन नगर, त्याच्या आसपासची विणकरांची व शेतकऱ्यांची गावे, तेथून दक्षिणेस तितिकाका सरोवर आणि शेवटी बोलिव्हियातील ला पाझ शहर. याच वाटेने आपण नकाशावरून जाऊ या.

कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. इंका राजांची ही राजधानी. १५३३ साली ती स्पॅनिश लोकांच्या हाती गेली. प्रवासी चौकात उतरतो न उतरतो तोच रंगीबेरंगी झगे व टोप्या घातलेल्या बायका, कुशीत कोकरू घेऊन, त्याच्यापुढे येतात. छायाचित्र घ्यावे, नाणे द्यावे आणि पुढे जावे, असा तो व्यवहार. त्या बायकांना कोणी हसू नये. उन्हातान्हात उभे राहून त्या आपले पोट भरतात. परंतु त्या पोशाखात काय लिहिलेले आहे हे जाणून न घेताच आपण पुढे गेलो, तर इतक्या दूर येऊन केवळ रंग पाहिले असे होईल.

‘लिहिलेले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. इंका लोकांपाशी आपल्यासारखी अक्षरलिपी नव्हती. हिशेब ठेवण्यासाठी ते दोऱ्यांना गाठी मारीत, आणि मान, कुळ, प्रदेश, ऋतू या गोष्टी कापडावर विणीत. त्यांच्या राज्यात उत्तम कापडाचे मोल सोन्याहून अधिक मानले जाई. राजा सरदारांना आणि सैनिकांना वस्त्रे देऊन गौरवीत असे. हे राजवस्त्र विणण्यासाठी निवडक कुमारिकांना विशेष वाड्यांत ठेवीत. कुस्कोतील तो वाडा जेथे होता, तेथे पुढे स्पॅनिश लोकांनी सांता कातालीना नावाचा जोगिणींचा मठ बांधला. इंका राजकन्येच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासो या ग्रंथकाराने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात अशी कथा दिली आहे की, आद्य राणी मामा ओक्यो हिनेच स्त्रियांना सूत कातायला आणि विणायला शिकविले.

ही विद्या कशी चालते ते पाहण्यासाठी सहल कुस्कोहून चिंचेरो या गावी जाते. येथे मात्र घाई करू नये. मेंढीची किंवा अल्पाकाची लोकर प्रथम एका मुळीच्या फेसात धुतात. आपल्याकडे रिठ्याचा उपयोग करतात तसाच हा प्रकार. मग ‘पुश्का’वर सूत काढतात. पुश्का म्हणजे आपली टकळीच. आपल्या आजोबांच्या पिढीतील पुष्कळांनी शाळेत टकळी फिरविली आहे, परंतु ती बसून. चिंचेरोची बाई डोंगर चढताना, मेंढ्यांमागे जाताना, बाजारात उभ्या उभ्या गप्पा मारताना सूत काढते. पाठीवर मूल असते आणि हात थांबत नाहीत. दोन धागे एकत्र पिळून इतके घट्ट करतात की कापड वर्षानुवर्षे टिकते.

रंगांची गोष्ट तर फारच मनोरंजक आहे. फड्या निवडुंगावर पांढुरकी बुरशी धरल्यासारखे दिसणारे बारीक किडे असतात, त्यांना कोचिनील म्हणतात. वाळलेला किडा तळहातावर चिरडला की गडद किरमिजी रंग उमटतो. त्यात लिंबाचा रस घातला तर तो नारिंगीकडे झुकतो. तुरटी, मीठ किंवा अन्य क्षार घातले तर निरनिराळ्या छटा निघतात. या एका किड्यापासून किती रंग मिळतात याचे ज्ञान कोणत्याही ग्रंथात न वाचता या बायकांना असते. रसायनशास्त्राच्या वर्गात आपण आम्ल आणि अल्क यांचा जो पाठ गिरवतो, तोच येथे चुलीवरच्या भांड्यात चालू असतो.

पुढे ताणा लावावयाचा. दोन बायका समोरासमोर बसतात, जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांभोवती सुताचा गुंडा एकमेकींकडे देत-घेत धागे मोजत जातात. मागाला चौकट नसते : एक टोक खांबाला किंवा झाडाला बांधलेले, दुसरे विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ती मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. म्हणजे विणणारीचे शरीर हाच मागाचा अर्धा भाग. नक्षीचे धागे बोटांनी उचलून, लामाच्या हाडाच्या टोकदार अवजाराने बाणा घट्ट बसवतात. समोर कागदावर आकृती काढलेली नसते. कोणता धागा वर, कोणता खाली, हा सारा हिशेब डोक्यात. मुली प्रथम ‘हाकिमा’ नावाची अरुंद पट्टी विणायला शिकतात आणि तिच्यावर हात बसला की मोठ्या कामाकडे वळतात. खांद्यावर घ्यावयाची ‘लिक्ल्या’ ही शाल दोन पट्ट्या विणून मध्ये शिवलेली असते. तिला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात.

आता व्यवहाराचा प्रश्न. कुस्कोच्या दुकानांत अशाच दिसणाऱ्या शाली अगदी स्वस्त मिळतात. त्यांतील पुष्कळशा यंत्रावर, कृत्रिम धाग्याने विणलेल्या असतात. मग हातमागावर महिना घालवलेल्या बाईने आपल्या कापडाची किंमत काय सांगावी? पर्यटक घासाघीस करतो, ती दर उतरवते, आणि तिची मुलगी हे पाहून ठरवते की ही विद्या शिकण्यात अर्थ नाही. एके काळी चिंचेरोच्या जुन्या नक्ष्या विसरल्या जाऊ लागल्या होत्या. त्याच गावच्या नील्दा काल्यान्याउपा आल्वारेस यांनी १९९६ साली कुस्को येथे पारंपरिक वस्त्रकेंद्र स्थापन केले. निरनिराळ्या गावांच्या विणकरांना एकत्र आणणे, वृद्ध स्त्रियांकडून जुन्या नक्ष्या शिकून घेणे, मुलांना शिकविणे आणि कापडाला योग्य मोल मिळवून देणे, असे हे काम आहे. तेथे विकल्या जाणाऱ्या वस्त्रावर विणणारीच्या नावाची चिठ्ठी असते. मला ही चिठ्ठी फार महत्त्वाची वाटते. खरे कापड ओळखण्याची आणखी एक साधी खूण सांगतो : ते मापानेच विणलेले असल्याने त्याला चारही बाजूंनी काठ असतो, कात्रीने कापलेली कड कोठेच नसते, आणि पुष्कळ प्रकारांत उलट बाजूलाही तीच नक्षी, रंगांची अदलाबदल होऊन, दिसते.

कुस्कोजवळच पिसाकच्या डोंगरांवर बटाट्याची शेती आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. पण ज्या कंदाला आपण तो लावतो, त्याचे माहेर अँडीज. तेथे त्याच्या ४,००० हून अधिक देशी जाती आहेत : काळ्या, जांभळ्या, लाल, वाकड्यातिकड्या. पुरुषाने पायाने दाबावयाच्या नांगराने माती उलटावी आणि स्त्रीने तीत बी ठेवावे, ही रीत इतकी जुनी आहे की १६१५ च्या सुमारास ग्वामान पोमा या देशी लेखकाने काढलेल्या चित्रांतही ती दिसते. कोणते बियाणे राखावयाचे, कोणते शिजवावयाचे, हे बहुधा घरची स्त्री ठरवते. एका जातीचे नाव ऐकून आपल्या आज्या हसतील : ‘काचून वाकाची’, म्हणजे सुनेला रडविणारा! हा बटाटा इतका गाठाळ असतो की सोलता सोलता नवी सून रडकुंडीला येते. सासूने तिची परीक्षा घ्यावयाची ती याच बटाट्याने, असे तेथे गमतीने सांगतात.

केचुआ लोक स्त्री आणि पुरुष यांना एका जोडीचे दोन भाग मानतात. जोडीशिवाय काम पुरे होत नाही. ही कल्पना सुंदर आहे, तथापि जोडी आहे म्हणून समता आहे, असे समजण्याचे कारण नाही. गावच्या सभेत पुष्कळ काळ पुरुषच बोलत आले, आणि शाळेत पाठवावयाचे तर आधी मुलग्याला. शाळाही स्पॅनिश भाषेची, घरी केचुआ. घरी एक भाषा आणि वर्गात दुसरी, हा अनुभव माझ्यासारख्या कोंकणी बोलणाऱ्या घरातील माणसाला नवा नाही, पण तेथे त्याचे परिणाम फार कठोर झाले. पेरूमध्ये १९५५ साली स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला, तो फक्त साक्षर स्त्रियांना. निरक्षरांना तो १९७९ च्या राज्यघटनेने दिला. मधल्या सुमारे पाव शतकात, शेकडो धाग्यांचा हिशेब मनात ठेवणारी विणकर बाई सरकारच्या दप्तरी निरक्षर होती आणि तिला मत नव्हते.

पोशाखाच्या मागेही इतिहास आहे, तो कुस्कोच्या त्याच चौकात घडला. नोव्हेंबर १७८० मध्ये दुसरा तुपाक आमारू याने स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड उभारले. त्याची पत्नी मिकाएला बास्तीदास ही सैन्याची रसद, पैसा, परवाने आणि पत्रव्यवहार सांभाळीत होती. पतीने कुस्कोवर त्वरित चालून जावे म्हणून तिने त्याला निकराने लिहिले होते. तो उशीर करीत राहिला. १८ मे १७८१ रोजी दोघांनाही तेथे मृत्युदंड देण्यात आला, आणि त्यांच्याबरोबर तोमासा तितो कोंदेमाइता या स्त्री-नायिकेलाही. त्यानंतर सत्ताधीशांनी इंका पद्धतीची वस्त्रे घालण्यास बंदी केली. कापडात केवढे सामर्थ्य आहे, हे त्या राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते!

तितिकाका सरोवर सुमारे ३,८०० मीटर उंचीवर आहे. त्यातील ताकीले बेटावर पुरुष टोप्या विणतात आणि स्त्रिया कमरपट्टे. त्या पट्ट्यांवर वर्षभराची शेतीची कामे चित्रांनी विणलेली असतात. युनेस्कोने २००५ साली या कलेचा गौरव केला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्वी प्रवाशांना बेटावर आणणाऱ्या नावा बेटवासीयांच्या स्वतःच्या होत्या. पुढे किनाऱ्यावरच्या व्यापारी संस्थांनी हा धंदा बहुतांशी आपल्याकडे ओढला. कला बेटावर राहिली, भाड्याचा पैसा किनाऱ्यावर.

सरोवराच्या पलीकडे बोलिव्हिया. ला पाझ शहरात आणि त्याच्या माथ्यावर, ४,१०० मीटर उंचीवर वसलेल्या एल आल्तो येथे बाजार बायकांच्या हातात आहे. घेरदार ‘पोल्येरा’ झगा, दोन वेण्या, डोक्यावर गोल बोलर टोपी आणि पाठीवर ‘अवायो’ नावाचे विणलेले वस्त्र, अशा या आयमारा स्त्रियांना ‘चोलिता’ म्हणतात. झगा मूळ स्पॅनिश आणि टोपी युरोपातून आलेली. पण आज त्या दोन्ही त्यांच्याच झाल्या आहेत. दहा-बाराजणी मिळून ठरावीक रक्कम जमवतात आणि पाळीपाळीने एकेकीला ती देतात. तेथे याला ‘पासानाकू’ म्हणतात. आपल्या भिशीची सख्खी बहीणच ती. या बायका भिडस्त नाहीत. १९३५ साली शहरातील ट्रॅमगाडीत टोपल्या घेऊन चढण्यास स्वयंपाकिणींना बंदी करण्यात आली. त्यांच्या टोपल्यांनी श्रीमंत बायकांचे कपडे फाटतात, अशी तक्रार होती. स्वयंपाकिणींनी एकजूट केली, हुकूम मागे घ्यावयास लावला आणि आपली संघटना स्थापन केली. १९८९ साली रेमेदिओस लोसा या पोल्येरा घालणाऱ्या पहिल्या स्त्री तेथील लोकसभेवर निवडून आल्या.

सहली बहुधा येथे संपतात. परंतु शहरातून दिसणाऱ्या बर्फाच्या शिखरांशीही चोलितांचा संबंध आहे. गिर्यारोहकांच्या तळावर स्वयंपाक करणे, सामान वाहणे ही कामे त्यांच्यापैकी काहीजणी वर्षानुवर्षे करीत होत्या. वर चढून जाणारे दुसरेच असत. मग २०१५ पासून त्या स्वतःच चढू लागल्या. जानेवारी २०१९ मध्ये त्यांच्या एका तुकडीने अमेरिका खंडातील सर्वोच्च शिखर अकोन्काग्वा, उंची सुमारे ६,९६० मीटर, यावर चढाई केली आणि त्यांतील काहीजणी माथ्यावर पोहोचल्या. बोलर टोपीच्या जागी शिरस्त्राण होते, बुटांना बर्फावर चालण्याचे लोखंडी काटे होते; परंतु अंगावर पोल्येरा तीच होती, आणि या स्त्रिया डोंगरात आपले सामान पाठीवरच्या अवायोत बांधून नेतात.